भाकरी पचवणारा लांडगा

कॅमेरे जरा गळ्यातून काढा पोरांनो. काळवीट कुठं जात नाही, आणि गेलाच तर तुम्हाला गाठायचा नाही. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळणारं जनावर ते. एवढा वेग त्याला आता लागतोच कुठं? ज्याच्या धाकानं तो कमावला, त्या चित्त्याला १९५२ साली देशातून नामशेष ठरवलं. धाक गेला, पाय तेवढे राहिले.

कर्जत तालुक्यातलं हे रेहेकुरी १९८० साली काळविटांसाठी राखलं. अवघं २.१७ चौरस किलोमीटर. हिवर, बोरी, बाभळी आणि अंगाला चिकटणारी कुसळं. पण सकाळच्या तिरप्या उन्हात नराची काळी पाठ आणि पांढरं पोट असं उठून दिसतं की फोटोवाल्यांच्या गाड्याच्या गाड्या येतात. येऊ देत बापडे. पण एवढ्या गर्दीत माळाचा खरा राखणदार कुणाला दिसत नाही. लांडगा. एकजण गवतात दबा धरून बसतो, बाकीचे काळविटाला त्याच्याकडे हाकत आणतात. चित्ता नसला तरी काळविटाला गाफील राहायची सोय नाही, ती याच्यामुळं.

पण लांडग्याची गोष्ट कुत्र्याशिवाय पुरी होत नाही. धाकट्या, तुझे ते अलास्कातले फोटो काढ बघू, डेनालीचे. 

हे बघा. चोहीकडं बर्फ आणि ही कुत्र्यांची घरं. डेनाली राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक १९२०च्या दशकापासून कुत्री पाळतात. हिवाळ्यात आतल्या राखीव रानात गस्त घालतात ती घसरगाडीवरून, आणि ती ओढतात ही कुत्री. आता हा झोपलेला बघा. शेपूट नाकावर घेतलंय. अंगावर दुहेरी कोट: आत दाट मऊ लव, वर राठ केस. मग उघड्या पंजांचं काय? ते बर्फावर गारठत कसे नाहीत? जपानच्या संशोधकांनी २०११ साली ते उलगडून दाखवलं. पंजात उतरणाऱ्या धमनीभोवती बारीक शिरांचं जाळं असतं. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला आपली ऊब देऊन टाकतं. पंजा गोठत नाही आणि गार रक्तही थेट काळजापर्यंत पोचत नाही.

आता त्यांचा पराक्रम. १९२५च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला. औषध संपलेलं, समुद्र गोठलेला, विमान उडेना. वीसएक गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्यानं हजारावर किलोमीटर औषध वाहून नेलं, साडेपाच दिवसांत. शेवटच्या टप्प्यावरच्या बाल्टो या कुत्र्याचा न्यूयॉर्कात पुतळा झाला. सगळ्यात लांबचा आणि अवघड टप्पा मात्र टोगोच्या तुकडीनं काढला होता. पुतळे बहुतेक शेवटी पोचणाऱ्याचे होतात, हे तिकडंही चुकलं नाही.

बरं, आता फोटो मिटवा आणि त्या पडीक रानाकडं बघा. धनगराचा वाडा उतरलाय.  ही मंडळी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, आणि वाघरीबाहेर तो बसलाय ना, लांब पायांचा, पोट खपाटीला गेलेला, तो कुत्रा. अंगात चरबी नाही, केस आखूड. डेनालीचा गडी इथल्या वैशाखात दुपारपर्यंत तग धरायचा नाही आणि हा तिथल्या माघात.

लांडग्यांचंही तसंच. अलास्कातला नर चाळीस-पन्नास किलोचा, आपला वीसएक किलोचा. कारण सोपं आहे. न्हाणीच्या हंड्यातलं पाणी कितीतरी वेळ गरम राहतं, वाटीतलं लगेच निवतं. थंडीत हंडा व्हावं, उन्हात वाटी.

पण खरी गंमत पोटात आहे. धनगरीण संध्याकाळी त्या कुत्र्याला काय टाकते? भाकरी. लांडग्याला भाकरी टाकली तर तो ती धडपणे पचवू शकत नाही. पिठूळ अन्न फोडायला स्वादुपिंडातून एक विकर यावं लागतं, अमायलेज. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती असतात. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांत मोजल्या, तर चारपासून तीसपर्यंत निघाल्या! माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला. त्याच्या उष्ट्यावर ज्या कुत्र्याचं नीट भागलं, त्याची पिल्लं जास्त जगली. हजारो वर्षं हेच चाललं.

आणि सायबेरियन हस्कीत? तीन-चार प्रती. कारण तिकडं शेतच नव्हतं. मासे आणि सीलची चरबी, हेच धन्याचं आणि हेच कुत्र्याचं जेवण. शर्यतीत धावणारी कुत्री दिवसाला दहा हजारांवर कॅलरी फस्त करतात, तीही मुख्यतः चरबीतून. सायबेरियाच्या झोखोव बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा कुत्रा सापडलाय. आजच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचं त्याच्याशी जवळचं नातं निघालं. म्हणजे धनी काय खातो, ते कुत्र्याच्या जनुकात लिहिलं जातं. मला तर घोड्यापेक्षा, बैलापेक्षा ही सोबत मोठी वाटते.

या सोबतीची एक वाईट बाजूही आहे, तीही ऐकून जा. गावं वाढली, उकिरडे वाढले, कोंबड्यांचा कचरा माळावर पडू लागला. त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात आणि ती लांडग्यांत मिसळतात. पुण्याजवळच्या माळरानावर पिवळसर रंगाचे वेगळेच लांडगे दिसू लागले. ते लांडगा-कुत्र्याचे संकर आहेत, हे २०२३ साली जनुकीय पुराव्यानिशी सिद्ध झालं. शिवाय कुत्र्यांचा रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्यांना होतो, तो वेगळाच. आपला लांडगा जगातल्या सगळ्यांत जुन्या लांडगा-कुळांपैकी एक. तो बंदुकीविना, उष्ट्यापायीच संपायचा.

म्हणून माळावर जाताना एवढं पाळा. डब्यातलं उरलंसुरलं परत घरी आणा, एक शेवसुद्धा टाकू नका. गाडी रस्ता सोडून गवतात घालू नका. आणि थंडीच्या दिवसांत लांडग्याची पिल्लं बिळात असतात, तेव्हा कुणी कितीही मोठ्या फोटोचं आमिष दाखवलं तरी बिळाकडं जाऊ नका, आणि त्याची जागा कुणाला सांगू नका.