साठीनंतरचे एकवीस किलोमीटर

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर पहाटेची वर्दळ वाढते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. तिच्यातल्या अर्ध्या अंतराच्या, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरच्या शर्यतीसाठी कसून सराव करायला एवढेच दोन-अडीच महिने हाताशी असतात. या धावणाऱ्यांत साठी ओलांडलेले आजी-आजोबाही असतात आणि त्यांच्या तोंडी हमखास दोन नावं येतात. एक फौजा सिंग, ज्यांनी २००० साली वयाच्या ८९व्या वर्षी लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. दुसरे कॅनडाचे एड व्हिटलॉक, ज्यांनी ७३व्या वर्षी, २००४ मध्ये, टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत संपवली. नावं स्फूर्ती देणारी खरीच. पण लंडनचा एप्रिल आणि टोरांटोची शरद ऋतूतली सकाळ आपल्या नशिबी नाही. आपल्याला वयाच्या आधी हवेचा हिशेब करावा लागतो.

हा हिशेब साधा आहे. ६५ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावताना साधारण ६५ किलोकॅलरी खर्च करतो. त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन अंगातच साचतो. २१ किलोमीटरमध्ये ही उष्णता हजार किलोकॅलरींच्या घरात जाते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, पण तो वाळला तर. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. २०१९च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत दोह्याला महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ पैकी २८ जणींनी ती अर्ध्यावर सोडली. त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या.

वय वाढतं तशी त्वचेकडे रक्त वळवण्याची क्षमता घटते, घामाच्या ग्रंथी कमी स्रवतात आणि तहान उशिरा लागते. नियमित धावणाऱ्यांत ही घट कमी असते, पण असतेच. त्यात औषधांची भर पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, तर बीटा ब्लॉकरमुळे हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत आणि मनगटावरचं घड्याळ ‘सारं आलबेल’ म्हणत राहतं. मधुमेह जुना असेल तर घाम येण्याची यंत्रणाच बिघडलेली असू शकते. यातली कोणतीही गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना भेटून शर्यतीचं सांगायचं आणि ईसीजी, स्ट्रेस टेस्टबद्दल विचारायचं.

शरीर उकाड्याला सरावतं, ही दिलाशाची बाब. दहा-चौदा दिवस रोज तासभर गरम हवेत सावकाश धावलं की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. सराव सुटला की दोन-तीन आठवड्यांत हा लाभ ओसरतो. म्हणून पुण्याच्या कोरड्या, गार पहाटे तयारी करून मुंबईत धावणाऱ्यांनी अधूनमधून थोडं ऊन चढल्यावरही, सोबती आणि पाणी घेऊन, धावावं.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोकं वाईट. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं निघालं. वाजवीपेक्षा जास्त पिणं हे त्याचं मोठं कारण. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. किलोभर घटलं, तर प्यायलात त्यापेक्षा लिटरभर घाम जास्त गेला. वजन वाढलं असेल, तर पाणी जास्त झालं. ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यातच मिसळायचं. रक्तदाब असेल तर जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं मूत्रपिंडांना महाग पडतं.

शर्यतीच्या दिवशी सैल, फिकट रंगाचा टी-शर्ट घाला. सुती बनियन घामाने जड होतो. डोक्यावर, मानेवर पाणी ओता, टोपीत बर्फ ठेवा. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम सावकाश जा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. मधूनमधून ठरवून चालणं ही रीत अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी रूढ केली. त्यात कमीपणा नाही.

सोबतचा धावपटू अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, तर तो उष्माघात समजा. अंग घामाने भिजलेलं असलं तरी फसू नका. त्याला सावलीत न्या, जादा कपडे काढा, बर्फाचं पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबायचं नाही. अंग गार करणं आधी.

साठीनंतर उकाड्यात सावकाश धावणं हा नाइलाज नाही, तेच खरं तंत्र आहे. या दिवाळीत नाव नोंदवणार असाल तर आधी डॉक्टरांकडे जा, मग अर्ज भरा. आणि वाटेत गरगरलं तर छातीवरचा नंबर काढून बाजूला बसा. शर्यत पुढच्या जानेवारीतही असते.