पलटणीतला दुभाष्या

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की मळवलीजवळ उजव्या हाताला लोहगड आणि विसापूर दिसतात. ४ मार्च १८१८ रोजी, पेशव्यांविरुद्धच्या युद्धात, ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल प्रोथरच्या फौजेने विसापूर घेतला आणि लगोलग लोहगडही पडला. गड तोफांनी घेता आले; पायथ्याचं मावळ चालवायचं तर पाटील-कुलकर्ण्यांशी बोलणं भाग होतं.

कंपनीच्या पलटणींत या कामासाठी इंटरप्रिटर, म्हणजे दुभाष्या, असे. भाषेच्या परीक्षेत उतरलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला हे पद मिळे. पुष्कळदा क्वार्टरमास्टरचं कामही त्याच्याच गळ्यात पडे. शिपायाची फिर्याद, कोर्टमार्शलमधली साक्ष, सगळं त्याच्या तोंडून पुढे जाई. त्याने एखादा शब्द चुकवला तर शिक्षा भलत्यालाच व्हायची.

मुलकी कारभारात अडचण आणखी मोठी होती. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने वतनं आणि इनामं चालू ठेवण्याचं वचन दिलं. हक्क शाबीत करायचा तो कागदावर, आणि कागद मोडी लिपीत. आधी आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जाणता कारकून शेजारी बसल्याशिवाय साहेबाचं पान हलत नसे.

या गरजेतूनच मराठीचा मोठा कोश उभा राहिला. जेम्स मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी १८१८ च्या सुमारास सोलापुरात असताना शब्द टिपू लागला. पुढे थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ त्याला येऊन मिळाले. कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. दरबारी शब्दांबरोबर शेतातले आणि चुलीपुढचे शब्दही त्यात आले.

ते शब्द जमवायला, पारखायला आणि त्यांचे अर्थ लावायला शास्त्रीमंडळी होती: जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आणि त्यांचे सहकारी. त्यांचा स्वतंत्र मराठी कोश १८२९ मध्येच, मोल्सवर्थच्या आधी, छापून झाला होता. गोडबोल्यांनी पुढे १८५४ मध्ये ‘नवनीत’ संपादून जुनी कविता शाळकरी पोरांच्या हाती दिली.

पेशव्यांचं राज्य गेल्यावर परक्याच्या पदरी चाकरी करताना या माणसांनी मराठीचं केवढं तरी काम केलं. कोशाला आपण आजही मोल्सवर्थ म्हणतो. शास्त्र्यांची नावंही तितक्याच सहज तोंडी यायला हवीत.