यकृताचे आठ भाग : अहवालातील एका आकड्याचा अर्थ

रेणापूर व परिसरातील गावांतून आमच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांच्या सोनोग्राफी अहवालात 'यकृताच्या सहाव्या सेगमेंटमध्ये गाठ' असे शब्द असतात. 'यकृतात गाठ' एवढे ऐकूनच नातेवाइकांचा धीर सुटतो व काही जण पुढील तपासण्या सोडून देतात. वास्तविक आशेचे कारण त्या सहा या आकड्यातच असते. ते समजावून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

यकृत हा उजव्या बरगड्यांखालील सुमारे दीड किलो वजनाचा अवयव होय. बाहेरून त्याचे उजवा व डावा असे दोन खंड दिसतात. परंतु खरी विभागणी पित्ताशयाजवळून जाणाऱ्या रेषेवर होते, हे जेम्स कँटली यांनी १८९७ साली दाखविले. १९५७ साली फ्रेंच शल्यविशारद क्लोद कुइनो यांनी रक्तवाहिन्यांच्या आधारे यकृताचे आठ भाग मांडले : पहिला मागे, दुसरा ते चौथा डावीकडे व पाचवा ते आठवा उजवीकडे. शेतातील प्रत्येक वाफ्याला पाटाचे पाणी स्वतंत्र दाऱ्याने मिळते. एक दारे बंद केले तरी शेजारचा वाफा भिजतच राहतो. यकृताचेही तसेच आहे. प्रत्येक भागाला रक्तपुरवठा व पित्तनलिका स्वतंत्र असते.

म्हणूनच रोगट भाग काढला तरी उरलेल्या भागांचे कार्य चालू राहते. निरोगी यकृताचा साधारणतः एक तृतीयांश अंश उरला तरी पुरतो आणि पुढे तो वाढतोही. मद्यपानाने वा जुनाट हिपॅटायटिसने यकृत आधीच खराब झाले असल्यास मात्र एवढी मुभा राहत नाही. गाठ पुवाची असेल, तर सुई कोठून घालावी हे ठरविण्यासही हा क्रमांक उपयोगी पडतो.

लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणतो. १९९८ साली दिल्लीत एका पित्याने आपल्या यकृताचा अंश देऊन बालकाचे प्राण वाचविले. भारतातील ते पहिले यशस्वी बाल-यकृतप्रत्यारोपण होते. लहान मुलांसाठी सहसा दात्याचा दुसरा व तिसरा भाग घेतला जातो.

अशा मोठ्या शस्त्रक्रिया आमच्या रुग्णालयात होत नाहीत. त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते. वेळीच निदान करून योग्य ठिकाणी पाठविणे, एवढे मात्र आपल्या देणग्यांच्या बळावर येथे घडू शकते. नातेवाइकांना आमची नम्र विनंती : अहवाल घडी करून ठेवण्यापूर्वी 'गाठ कोणत्या भागात आहे व उरलेले यकृत कसे आहे?' हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.