बॅटमनच्या आधीचा 'शॅडो'

बॅटमन कुणी निर्माण केला, असं विचारलं तर आपल्यातले कॉमिक्सवाले लगेच बॉब केनचं नाव घेतील. जरा जास्त खोलात गेलेले बिल फिंगर हे नाव जोडतील. पण दिवसा श्रीमंत, निवांत गृहस्थ आणि रात्री काळा झगा पांघरून गुन्हेगारांच्या मागे लागणारा नायक, हा प्रकार या दोघांच्या आधीच अमेरिकेत गाजत होता. त्याचं नाव 'द शॅडो', म्हणजे सावली. १९३० ते १९५४ या काळात तो आधी रेडिओवर, मग मासिकात आणि पुन्हा रेडिओवर असा घरोघरी पोचला.

त्याच्या साहसांइतकीच त्याला घडवणाऱ्यांची गोष्टही वाचण्यासारखी आहे. चेहरा लपवणाऱ्या या नायकामागची माणसंही जवळजवळ सगळी पडद्याआड राहिली.

वाचकांनी मागितलेलं मासिक

न्यूयॉर्कच्या 'स्ट्रीट अँड स्मिथ' या प्रकाशनसंस्थेचं एक डिटेक्टिव्ह कथांचं मासिक होतं. त्याचा खप वाढावा म्हणून ३१ जुलै १९३० पासून सीबीएस रेडिओवर त्यातल्या गोष्टी सादर होऊ लागल्या. गोष्ट सांगणाऱ्या निवेदकाला नाव दिलं 'द शॅडो'. तो कथेतलं पात्र नव्हता. अंगावर काटा आणणाऱ्या आवाजात बोलायचं आणि भेसूर हसायचं, एवढंच त्याचं काम.

झालं असं, की लोक बुकस्टॉलवर जाऊन ज्याची जाहिरात चालली होती ते मासिक सोडून 'ते शॅडोचं मासिक' मागू लागले. असं मासिक अस्तित्वातच नव्हतं. मागणी आहे म्हटल्यावर प्रकाशकांनी ते काढायचं ठरवलं आणि एप्रिल १९३१ मध्ये पहिला अंक आला. नायक कसा असावा हे कुणी ठरवायच्या आधीच त्याचा आवाज लोकप्रिय झाला होता.

या प्रकारच्या मासिकांना 'पल्प' म्हणत, कारण ती लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापली जात. किंमत दहा सेंट, मुखपृष्ठ भडक, आत एक अख्खी कादंबरी आणि जोडीला काही लघुकथा. आपल्या आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या रहस्यकथा ज्या ओढीने वाचल्या, साधारण तीच ओढ तिकडच्या वाचकाला या पल्प मासिकांची होती.

जादूगारांचा लेखक

शॅडोच्या कादंबऱ्या लिहायला वॉल्टर गिब्सन हा फिलाडेल्फियाचा माणूस मिळाला. गिब्सन स्वतः जादूचे प्रयोग करायचा, आणि हूडिनी, थर्स्टन, ब्लॅकस्टोन अशा नामवंत जादूगारांसाठी पुस्तकंही लिहायचा. प्रेक्षकाचं लक्ष एका हाताकडे खेचून खरं काम दुसऱ्या हाताने कसं उरकायचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याचा शॅडोही तसाच आहे. तो अंधारात विरतो, वेषांतर करतो, बंद खोलीतून निसटतो, पण प्रत्येक वेळी त्यामागे काहीतरी युक्ती असते.

पहिल्याच अंकाला एक गंमत झाली. खर्च वाचवायला प्रकाशकांनी मुखपृष्ठासाठी एक जुनं चित्र वापरायचं ठरवलं. त्यात एक चिनी माणूस आणि त्याची भिंतीवर पडलेली सावली होती. मग गिब्सनला कथेतच न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधला प्रसंग घालावा लागला. आधी चित्र, मग त्याला जुळणारी गोष्ट!

मासिक चाललं, आणि ऑक्टोबर १९३२ पासून महिन्यातून दोनदा निघू लागलं. म्हणजे वर्षाला चोवीस कादंबऱ्या. १९४९ पर्यंत शॅडोच्या एकूण ३२५ कादंबऱ्या निघाल्या, त्यातल्या २८२ एकट्या गिब्सनने लिहिल्या. त्याही संगणक नसताना, टाइपरायटरवर.

मुखपृष्ठावर मात्र त्याचं नाव नसे. तिथे 'मॅक्सवेल ग्रँट' असं छापलेलं असे. जादूचं सामान विकणाऱ्या दोन ओळखीच्या लोकांच्या नावांतून गिब्सनने हे नाव जुळवलं होतं, पण त्यावर हक्क प्रकाशकांचा. उद्या लेखक बदलला तरी मॅक्सवेल ग्रँट तोच राहणार, अशी ती सोय होती. आणि लेखक खरंच बदलले. २७ कादंबऱ्या थिओडोर टिन्सली नावाच्या लेखकाने आणि १५ ब्रूस एलियटने लिहिल्या. वाचकासाठी सगळे मॅक्सवेल ग्रँटच.

कादंबऱ्यांमधला शॅडो काळी टोपी आणि काळा झगा घालतो, हातात दोन पिस्तुलं, बोटात चमकत्या खड्याची अंगठी. लॅमॉन्ट क्रॅन्स्टन हा लक्षाधीश म्हणजेच शॅडो, असं वाचक बरीच वर्षं समजून होते. १९३७ मध्ये गिब्सनने उघड केलं की तो खरा केंट अलार्ड नावाचा वैमानिक, आणि क्रॅन्स्टन हे त्याने वापरलेलं एक रूप. त्याचं काम एकट्याचंही नव्हतं. टॅक्सीवाला, वार्ताहर, शेअर दलाल असे त्याचे साथीदार शहरभर पसरलेले. बरबँक नावाचा माणूस एका जागी बसून सगळ्यांचे निरोप घेतो आणि पोचवतो. माझ्यासारख्या इंजिनियरला तर तो त्या काळचा सर्व्हरच वाटतो.

रेडिओवर अदृश्य

२६ सप्टेंबर १९३७ पासून शॅडो पुन्हा रेडिओवर आला, आता निवेदक म्हणून नाही, नायक म्हणून. क्रॅन्स्टनची भूमिका ऑर्सन वेल्सने केली. तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता, 'सिटिझन केन' यायला अजून चार वर्षं होती. मार्गो लेन या मैत्रिणीची भूमिका अ‍ॅग्नेस मूरहेडने केली. मार्गो रेडिओसाठीच जन्मली, मासिकात तिचा प्रवेश पुढे १९४१ मध्ये झाला.

रेडिओच्या लेखकांनी एक मोठा बदल केला. अंधाराचा आडोसा घेणारा शॅडो आता थेट अदृश्य होऊ लागला. समोरच्याच्या मनावर पडदा टाकायचा की त्याला शॅडो दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. झगा आणि टोपी रेडिओवर दिसणार कशी? आवाज मात्र पोचतो. क्रॅन्स्टन साध्या आवाजात बोले, आणि शॅडो झाला की तोच आवाज फिल्टरमधून घुमत येई. घरात बसलेल्या श्रोत्यालाही तो गुन्हेगाराइतकाच अदृश्य होता. खेळ रंगायला एवढं पुरे होतं.

ही विद्या त्याने कुठे शिकली? पूर्वेकडच्या देशांत. १९३७ मधल्याच एका भागात तर दिल्लीतल्या योग्याचा उल्लेख येतो. योगी, नाग, देवळातल्या घंटा असा सगळा ठरलेला मसाला. आज ऐकताना हसू येतं, पण त्या काळच्या सामान्य अमेरिकन श्रोत्याच्या मनात भारत कसा होता, तेही त्यातून कळतं.

कार्यक्रमाचा प्रायोजक होता 'ब्लू कोल' हा घरं उबदार ठेवण्यासाठी लागणारा कोळसा. ग्राहकाला ओळखता यावा म्हणून तो चक्क निळा रंगवलेला असे! सुरुवातीचं ते प्रसिद्ध वाक्य आणि हसणं मात्र वेल्सचं नव्हतं. फ्रँक रेडिक या आधीच्या नटाचं ध्वनिमुद्रण वेल्सच्या काळातही वापरलं जाई. वेल्स वर्षभरात बाहेर पडला, पुढे इतर नटांनी ही भूमिका केली आणि मालिका डिसेंबर १९५४ पर्यंत चालली.

बॅटमनशी नातं

नोव्हेंबर १९३६ च्या शॅडोच्या एका अंकात 'पार्टनर्स ऑफ पेरिल' ही कादंबरी आली. नाव मॅक्सवेल ग्रँटचं, लिहिली होती टिन्सलीने. रासायनिक उद्योगातल्या भागीदारांवर एकामागून एक हल्ले होतात, अशी तिची कथा. मे १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात बॅटमन पहिल्यांदा आला. ती गोष्टही एका केमिकल कंपनीच्या भागीदारांच्या खुनांचीच. पहिली बॅटमनकथा शॅडोच्या एका कादंबरीवर बेतली होती, हे ती लिहिणाऱ्या बिल फिंगरने स्वतःच पुढे सांगितलं होतं. ती कादंबरी नेमकी कोणती, हे अभ्यासकांनी नंतर शोधून काढलं.

म्हणजे मॅक्सवेल ग्रँट या नावाआड लपलेल्या टिन्सलीची गोष्ट बॉब केनच्या नावाआड लपलेल्या फिंगरने घेतली. ब्रूस वेन हे नाव, गॉथम शहर, कानवाला मुखवटा यांत फिंगरचा मोठा वाटा. पण करारानुसार निर्माता म्हणून नाव फक्त केनचं. फिंगर १९७४ मध्ये वारला. त्याच्या कुटुंबाने आणि चाहत्यांनी नेट लावल्यावर २०१५ मध्ये डीसीने त्याचं नाव श्रेयनामावलीत घ्यायचं मान्य केलं. पहिल्या अंकाला तेव्हा ७६ वर्षं झाली होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोडची कुठली ओळ कुणी, कधी लिहिली, हे एका कमांडवर दिसतं. पण ते फक्त टीमला. अ‍ॅप वापरणाऱ्याला कंपनीचं नाव तेवढं दिसतं. पगार मिळतो, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. गिब्सनलाही लिहिण्याचे पैसे मिळतच होते. तरीही २८२ कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचं नाव त्यांच्या वाचकांपैकी बहुतेकांना माहीत नसावं, हे खटकतं. पैसे देऊन काम विकत घेता येतं, पण ते कुणी केलं हे सांगायला फार खर्च येत नाही.

शॅडोच्या मूळ रेडिओ मालिकेतले बरेच भाग टिकले आहेत आणि आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. १९३७ चा वेल्सचा पहिला भाग, 'डेथ हाउस रेस्क्यू', त्यात आहे. अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे, मुलांना घेऊन दिवे घालवून ऐका. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही बोलवा. रेडिओवरची श्रुतिका कशी ऐकायची, हे त्यांना सांगावं लागणार नाही. आणि भाग संपल्यावर मुलांनी विचारलं की हे सगळं कुणी लिहिलं, तर वॉल्टर गिब्सनपासून सुरुवात करा.