कॅबरने, शिराझ आणि आपला हिशेब

लेक-जावई पुण्याहून आले की पिशवीतून बाकरवडी निघते, आणि हल्ली कधी कधी तिच्यासोबत एक काळसर बाटलीही. "आई, ही दारू नाही, वाईन आहे, हार्टला चांगली असते," असं जावई सांगतात. आपण ती उचलून देवघरापासून लांबच्या कपाटात ठेवतो. पण मैत्रिणींनो, आपल्या घरात येणाऱ्या वस्तूवर काय लिहिलंय आणि ती दिलेल्या पैशाची आहे का, हे आपल्याला कळायला नको? साडी आपण उलटीपालटी करून घेतो, मग हीच का नाही?

बाटलीवर बहुतेक वेळा 'कॅबरने-शिराझ' किंवा 'शिराझ-कॅबरने' असतं. ही द्राक्षांच्या जातींची नावं. कॅबरने सोव्हिन्यॉन मूळची फ्रान्सच्या बोर्दो भागातली, जाड सालीची, छोट्या मण्यांची. सालीमुळे वाईनला गडद रंग येतो आणि तोंड कोरडं करणारा तुरटपणाही, कडक चहा जास्त उकळला की येतो ना, तसा. नुसती कॅबरने तरुणपणी फार करकरीत लागते. म्हणून बोर्दोवाले तिच्यात मर्लो मिसळत आले आहेत. आपल्याकडे त्या जागी शिराझ असते, कारण नाशिकच्या उन्हात ती चांगली पिकते आणि चव मऊ करते. सहसा ज्या जातीचं नाव आधी, तिचा वाटा मोठा.

मिश्रण म्हटलं की आपल्याला भेसळ आठवते. इथे तसं नाही. गहू-ज्वारी-हरभरा मिसळून भाजणी करतो, तसा हा प्रकार. एका जातीचं पीक एखाद्या वर्षी कमी पडलं तर दुसरी सांभाळून घेते, त्यामुळे साध्या किमतीत चव टिकते. थोड्या पैशात बरी लाल वाईन हवी असेल तर एकाच जातीच्या महागड्या बाटलीपेक्षा हे मिश्रण घ्यावं, असं माझं स्पष्ट मत.

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिककडे वायनऱ्या वाढल्या. 'सुला'ची शिराझ-कॅबरने सगळीकडे दिसते. नाशिकच्याच 'यॉर्क'ची 'आरोस' हेही याच दोन जातींचं मिश्रण, पण वरच्या दर्जाचं. अकलूजच्या 'फ्रातेल्ली'ची 'सेत्ते' म्हणजे कॅबरनेबरोबर इटलीची सांजोव्हेझे. कर्नाटकात नंदी हिल्सजवळची 'ग्रोव्हर'ची 'ला रिझर्व्ह' जुनी आणि नावाजलेली. सणावारी भेट द्यायची तर या शेवटच्या तिघी, एरवी पहिली पुरे. साधी देशी बाटली हजाराच्या आसपास पडते. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं, तेव्हा त्याच पैशात मिळालेली परदेशी बाटली बहुधा तिथली सर्वांत स्वस्त असते. आणि 'पोर्ट' नावाची गोड, स्वस्त बाटली कॅबरने समजून उचलू नका. आपल्याकडे ती बरेचदा खायच्या द्राक्षांची असते.

आता खास आपल्या चंद्रपूरची गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि वाईनला ऊन सोसत नाही. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली, गाडीच्या डिकीतून दुपारभर फिरलेली बाटली आतून शिजते, मग चव शिळ्या मनुकांच्या पाण्यासारखी लागते. किंमत कमी केली असेल तर आधी हेच विचारा, बाटली ठेवली कुठे होती? घरी आणली की आडवी, अंधारात, थंड जागी ठेवा. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली तरी चालेल. उघडल्यावर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, पुढे ती आंबट होते. सावजी रश्शासोबत कॅबरने नकोच बाई, तिखट आणि तुरट एकत्र आले की जीभ भाजते. भाजलेलं मटण चालतं.

राहिला 'दारू नाही' हा मुद्दा. ७५० मिलीच्या बाटलीत १३ टक्के अल्कोहोल म्हणजे ९७ मिली. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली. करा हिशेब! बाटली एकट्याने संपवणारा क्वार्टरवाल्यापेक्षा जास्त पितो. आणि हार्टचं म्हणाल, तर १९९१ च्या सुमाराला ती गोष्ट अमेरिकेच्या टीव्हीवरून जगभर गेली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की दारूची सुरक्षित अशी मात्राच नाही (जानेवारी २०२३). बायकांना तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. चवीसाठी घ्यायची तर घ्या, औषध म्हणून नको.

हा हिशेब आपल्या भागातल्या बायकांनी पुस्तकाविना केला होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासोबत गावोगावच्या बायका उभ्या राहिल्या आणि १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामींच्या 'श्रमिक एल्गार'सोबत हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर कोरडा झाला. २०२१ मध्ये, चोरटी दारू वाढली म्हणून, सरकारने बंदी उठवली. ज्या घरात पगार गुत्त्यावर जात होता, तिथल्या बाईला 'हजारात चांगली बाटली' हे शब्द कसे लागतील, याची आठवण मला हे लिहिताना सुटत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटात वाईन ठेवायचं ठरवलं, तेव्हाही दारूबंदीचे जिल्हे वगळले होते. पुढे विरोधामुळे ते मागे पडलं.

तेव्हा व्याहाडचा पूल ओलांडून गडचिरोलीला लग्नाला जाणार असाल, तर जावयांनी आणलेली बाटली घरीच ठेवा. वैनगंगेच्या त्या काठावर पाहुणा किती कौतुकाचा, हे तपासणीवाले विचारत नाहीत.