धरणाच्या दरवाजावरील स्वयंचलन तंत्रज्ञ : गोसीखुर्दच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगा नदीवर गोसीखुर्द येथे उभ्या असलेल्या इंदिरा सागर धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ मध्ये केंद्र शासनाने या प्रकल्पास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. धरणाच्या सांडव्यावर ३३ वक्र दरवाजे आहेत. या प्रकल्पाविषयी आजवर झालेले लेखन मुख्यतः सिंचन, वाढलेला खर्च आणि पुनर्वसन या तीन अंगांनी झालेले आहे व ते योग्यही आहे. कारण ज्यांची गावे बुडाली त्यांचे प्रश्न सर्वांत आधीचे होत. तथापि धरण पूर्ण झाल्यानंतर त्याचे दरवाजे ज्या यंत्रणेमुळे हलतात त्या यंत्रणेची निगा राखणारा तंत्रज्ञ मात्र अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिलेला आहे.

‘स्वयंचलन व यंत्रमानव तंत्रज्ञ’ असे म्हटले की मोटारींच्या कारखान्यातील वेल्डिंग करणारे यांत्रिक हात डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः त्या यांत्रिक हातात आणि धरणाच्या दरवाजात तत्त्वाचा फरक नाही. दोन्हीकडे स्थिती मोजणारा सेन्सर, त्यावरून निर्णय घेणारा नियंत्रक आणि तो निर्णय अंमलात आणणारी मोटार हेच तीन घटक असतात. फरक आहे तो चुकीच्या परिणामाचा. कारखान्यात हात चुकला तर एक सुटा भाग वाया जातो, फार तर त्या परिघातील माणसाला इजा होते. धरणावर दरवाजा चुकला तर खालच्या अंगाची गावे धोक्यात येतात. प्रस्तुत लेखात या तंत्रज्ञाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. यंत्र चालविणे हा त्या कामाचा केवळ दर्शनी भाग असून, यंत्राने दिलेली माहिती खरी आहे किंवा नाही हे सतत पडताळणे हाच त्याचा गाभा होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

विजेविना स्वयंचलन

धरणाचे दरवाजे आपोआप उघडण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले व मुंबई इलाख्याच्या सेवेत असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ च्या सुमारास खडकवासला येथे स्वतःच्या कल्पनेतील स्वयंचलित दरवाजे बसविले. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेवर गेली की वजनांचा समतोल बदलून दरवाजे उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. याच पद्धतीचे दरवाजे पुढे ग्वाल्हेरजवळील टिग्रा व म्हैसूरजवळील कृष्णराजसागर या धरणांवरही बसविण्यात आले. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडल्याची बातमी आजही वाचावयास मिळते.

या जुन्या व्यवस्थेचा एक मोठा गुण असा की तीत मोजणारा घटक आणि हलणारा घटक हे वेगळे नव्हतेच. पाणी स्वतःच आपली पातळी ‘सांगत’ असे आणि पाण्याचा भारच दरवाजा हलवीत असे. मध्ये तार नाही, पडदा नाही, आकडा नाही. आधुनिक स्वयंचलनाने या दोहोंमध्ये अंतर निर्माण केले. त्यामुळे लवचीकता आली, दूरवरून नियंत्रण शक्य झाले, वरच्या धरणांतील विसर्गाचा विचार करून आधीच निर्णय घेता येऊ लागला. परंतु त्याचबरोबर पाणी एक सांगते आणि पडदा दुसरेच दाखवितो ही शक्यताही प्रथमच निर्माण झाली. तंत्रज्ञाची गरज याच अंतरातून जन्मली.

दरवाजा कसा हलतो

वक्र दरवाजाची पोलादी पाठ वर्तुळाच्या कंसासारखी असते. तिच्यावर येणारा पाण्याचा दाब दोन बाहूंतून मागील बाजूच्या ट्रनियन नावाच्या खुंट्यांवर जातो, म्हणून एवढा प्रचंड दरवाजा तुलनेने लहान मोटारीने उचलता येतो. वर पुलावर मोटार, गिअरबॉक्स व दोन ड्रम असतात आणि ड्रमवर गुंडाळल्या जाणाऱ्या वायररोपने दरवाजाच्या दोन्ही बाजू उचलल्या जातात. दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. अन्यथा दरवाजा तिरका होऊन अडकतो.

यावर देखरेख ठेवण्यासाठी प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर अर्थात पीएलसी हा नियंत्रक वापरतात. दरवाजा किती उघडला हे एन्कोडर कळवितो, शेवटच्या टोकाला मोटार थांबविण्याचे काम लिमिट स्विच करतो. अनेक दरवाजांची माहिती एका कक्षात पडद्यावर आणणाऱ्या प्रणालीस स्काडा म्हणतात. ३३ दरवाजांच्या सांडव्यावर एकेका दरवाजापाशी माणूस धावत जाणे आणि एका जागी बसून सर्वांची स्थिती पाहणे यातील फरक पुराच्या रात्री किती मोलाचा असतो, हे वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी व पाणलोटातील अतिवृष्टी एकत्र आली तेव्हा गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले होते. धरणाच्या वरच्या अंगाला भंडारा शहर आणि खालच्या अंगाला ब्रह्मपुरी तालुका व गडचिरोली जिल्हा या सर्वांना त्या पुराची झळ बसली.

शून्य आणि तुटलेली तार

तंत्रज्ञाच्या विचारपद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत. पातळी मोजणारा सेन्सर आपले मोजमाप विद्युत प्रवाहाच्या रूपात नियंत्रकाकडे पाठवितो. समजा, सेन्सर ० ते २० मीटर मोजतो. तर ० मीटरला ४, १० मीटरला १२ आणि २० मीटरला २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. येथे सहज प्रश्न पडतो, शून्य पातळीला शून्य प्रवाह का ठेवला नाही? कारण तसे केले असते तर ‘पाणी नाही’ आणि ‘तार तुटली’ या दोन अवस्थांत भेदच उरला नसता. ४ पेक्षा पुष्कळ कमी प्रवाह आला की नियंत्रकास कळते, ही पाण्याची बातमी नव्हे, ही तारेची बातमी आहे.

मौन आणि नकार यांत फरक करण्याची ही युक्ती साधी आहे, पण ती सर्वच संकटांतून वाचवीत नाही. तार शाबूत असेल आणि सेन्सर चुकीच्या जागी असेल तर प्रवाह अगदी निरोगी दिसतो. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील टॉम सॉक येथे १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे नेमके हेच घडले. डोंगरमाथ्यावरील जलाशयात पंपाने पाणी चढविले जात होते. ज्या नळ्यांत पातळीचे सेन्सर होते त्या नळ्या बांधणीतून सुटून वाकल्या होत्या. त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी पातळी दिसत राहिली. त्याआधीच्या महिन्यांत आकड्यांतील विसंगती लक्षात आली होती, परंतु नळ्यांची दुरुस्ती करण्याऐवजी प्रोग्रॅममध्ये आकड्याची जुळवाजुळव करून भागविण्यात आले. पंप थांबविण्यासाठी ठेवलेले राखीव सेन्सर तर भिंतीच्या सर्वांत खालच्या माथ्याहूनही वर बसविलेले होते. पाणी भिंतीवरून वाहिले, भिंत फुटली आणि जलाशय अर्ध्या तासाच्या आत रिकामा झाला. खाली राहणारे एक कुटुंब घरासह वाहून गेले, सुदैवाने ते वाचले. त्या पहाटे नियंत्रक बिघडला नव्हता. दिलेल्या माहितीवर त्याने अचूक निर्णय घेतला. माहितीच खोटी होती.

याच्या उलट, काही दोष कोणत्याच सेन्सरच्या कक्षेत येत नाहीत. कॅलिफोर्नियातील फॉल्सम धरणाचा एक वक्र दरवाजा १७ जुलै १९९५ रोजी उघडत असतानाच मोडला. ट्रनियनच्या खुंट्यावर गंज व अपुरे वंगण यांमुळे घर्षण वाढत गेले होते आणि त्याचा ताण बाहूंच्या आधारांवर आला. ग्रीस वेळेवर भरले जाते की नाही हे कोणताही पडदा आपणहून सांगत नाही. आपल्या जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजाच वाहून गेला. अशा ठिकाणी हातात मल्टिमीटर असलेल्या तंत्रज्ञाच्या दुसऱ्या हातात टॉर्च आणि ग्रीसचा डबाही असावा लागतो.

परिसर आणि ऋतू

पुस्तकातील स्वयंचलन स्वच्छ खोलीत घडते. वैनगंगेकाठी तसे नसते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येते. गाळ आणि जलपर्णी यांचा थर पाण्यात बुडविलेल्या सेन्सरवर चढतो. एप्रिल-मे महिन्यांतील विदर्भाचा उन्हाळा बंद पॅनेलच्या आत आणखी तापतो. पावसाळ्याच्या तोंडावर कडाडणाऱ्या विजांचा धक्का लांब केबलमधून थेट नियंत्रकापर्यंत पोहोचू शकतो. उंदीर केबल कुरतडतात, मुंग्या रिलेत घर करतात. यांतील एकही गोष्ट अभ्यासक्रमात सहसा आढळत नाही.

म्हणून या कामाचे खरे वर्ष पावसाळ्यापूर्वी सुरू होते. प्रत्येक दरवाजा थोडा उचलून पाहणे, मोटारीचा प्रवाह मागील वर्षाच्या नोंदीशी ताडणे, लिमिट स्विच हाताने दाबून मोटार खरोखर थांबते का हे पाहणे, मुख्य वीज बंद करून जनरेटर किती वेळात भार घेतो हे मोजणे आणि शेवटी सर्व यंत्रणा बाजूस ठेवून दरवाजा हाताने हलतो का याची खात्री करणे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी बंधनकारक आहे. पण तपासणीचा कागद भरणे वेगळे आणि ३३ वेळा पुलावर चढणे वेगळे.

येथे एक व्यावहारिक अडचण नोंदविणे आवश्यक आहे. देखभालीची कामे कंत्राटाने देण्याची प्रथा सर्वत्र रुळली आहे. कंत्राट बदलले की माणसे बदलतात. प्रोग्रॅमची अद्ययावत प्रत, पासवर्ड आणि ‘अमुक दरवाजा पावसात थोडा जड जातो’ ही तोंडी माहिती त्यांच्याबरोबर निघून जाते. तोंडी माहितीला निविदेत रकाना नसतो. ती टिकवायची तर धरणापासून दूर न जाणारी माणसे हवीत.

प्रशिक्षणाचा प्रश्न

अशी माणसे परिसरातच आहेत. ज्यांच्या जमिनी या जलाशयाखाली गेल्या त्या कुटुंबांतील तरुणांना शासकीय सेवेत प्रकल्पग्रस्त म्हणून समांतर आरक्षण आहे; परंतु आरक्षणाने अर्ज करता येतो, दरवाजा हलविता येत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रिशियन व इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे जुने अभ्यासक्रम आहेत; त्यांच्या जोडीला मेकॅट्रॉनिक्स आणि औद्योगिक रोबोटिक्स हे नवे अभ्यासक्रमही आले आहेत. त्यांतून तयार होणाऱ्या मुलांचे लक्ष स्वाभाविकपणे पुणे व चाकणच्या कारखान्यांकडे असते. जिल्ह्यातच वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहनांच्या गिअरबॉक्सचा कारखाना व जवाहरनगरची आयुधनिर्माणी आहे, हेही त्यांना माहीत असते. धरण हे आपले कामाचे ठिकाण होऊ शकते, असे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

विज्ञान महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान विभागांना या बाबतीत फारसा खर्च न करता काही करता येण्यासारखे आहे. २४ व्होल्टचा वीजपुरवठा, एक बदलता रोध, २५० ओहमचा एक स्थिर रोध आणि एक व्होल्टमीटर एवढ्या साहित्यात ४ ते २० मिलिअँपिअरचे मंडल टेबलावर उभे राहते. ४ मिलिअँपिअरला स्थिर रोधावर १ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट दिसतात. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आधी हे वाचन घेऊ द्यावे आणि त्यानंतर त्याच्या नकळत एक तार सोडवावी. मीटर शून्य दाखवील. मग जलाशय रिकामा झाला आहे काय, असे त्याला विचारावे आणि उत्तर देण्यापूर्वी त्याला टेबलाखाली वाकून पाहण्याची मुभा द्यावी.