युरियामागचं लोखंड: काम करत होतं, पण कसं ते साठ वर्षं कळत नव्हतं

खरीप तोंडावर आला की कृषी केंद्रांसमोर युरियासाठी रांगा लागतात. ४५ किलोच्या त्या गोणीत साधारण २० किलो नायट्रोजन असतो आणि तो कुठल्या खाणीतून येत नाही. आपण श्वासात घेतो त्याच हवेतून येतो. हवेत तर तो ७८ टक्के आहे. मग पिकाला तो फुकट का मिळत नाही?

कारण हवेतला नायट्रोजन जोडीने राहतो. त्याच्या दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो आणि तो भलताच चिवट. हा बंध तोडून नायट्रोजनला हायड्रोजनशी जोडलं की अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही हेच चालतं.

अडचण अशी, की तापमान खूप वाढवलं तर बंध तुटतो, पण तयार झालेला अमोनियाही पुन्हा फुटतो. कमी ठेवलं तर अमोनिया टिकेल, पण तो तयार व्हायची वाट बघत बसावं लागेल. इथे उत्प्रेरक लागतो. शाळेत आपण 'स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ' असं पाठ केलेलं असतं. त्यातला वेग हा शब्द महत्त्वाचा. शेवटी अमोनिया किती टक्के होणार हे तापमान आणि दाब ठरवतात. तिथवर किती लवकर पोहोचायचं एवढंच उत्प्रेरकाच्या हातात असतं.

जुलै १९०९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे फ्रिट्झ हाबर यांनी बीएएसएफ कंपनीच्या लोकांना थेंब थेंब अमोनिया करून दाखवला. त्यांचा उत्प्रेरक होता ऑस्मियम. पण तो जगात इतका थोडा, की त्यावर कारखाने उभे राहणं शक्यच नव्हतं. मग कंपनीतल्या आल्विन मिटाश यांनी जे सुचेल ते तपासायला घेतलं. छोट्या नळ्यांमध्ये काही ग्रॅम पदार्थ भरायचा, दाब द्यायचा, बघायचं. काही वर्षांत अशा हजारो चाचण्या झाल्या.

त्यात स्वीडनमधल्या एका खाणीतलं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहखनिजच, भन्नाट निघालं. शुद्ध लोखंड मात्र नापास! जादू लोखंडातल्या भेसळीत होती. थोडं ॲल्युमिनियम ऑक्साइड, थोडं पोटॅशियम. या मिश्रणावर १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आज आपल्या शरीरातल्या नायट्रोजनपैकी निम्म्याच्या आसपास याच प्रक्रियेतून आलेला असतो, असा अंदाज आहे.

पण लोखंडाच्या पृष्ठभागावर नेमकं घडतं काय? नायट्रोजनची जोडी आधी तुटते, की ती अखंड असतानाच हायड्रोजन चिकटू लागतो? यावर वाद चालूच होता. कारखान्यातल्या दोनशे वातावरणांच्या दाबाखाली आत डोकावणार कसं?

गेरहार्ड एर्टल यांनी उलट वाट धरली. १९७० च्या दशकात त्यांनी लोखंडाचा एकच स्वच्छ स्फटिक घेतला आणि तो जवळपास पूर्ण निर्वात पोकळीत ठेवला, म्हणजे पृष्ठभागावर दुसरं काही येऊन बसणार नाही. मग मोजून वायू सोडायचा आणि इलेक्ट्रॉनचा मारा करून पृष्ठभागावर कोण बसलंय ते वाचायचं. उत्तर मिळालं: जोडी आधी तुटते, आणि तीच सगळ्यात संथ पायरी आहे. लाखो रेणू धडकतात तेव्हा कुठे एखादा तुटतो. पोटॅशियम लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवतं आणि हे तुटणं सोपं करतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचं काम वेगळं: उष्णतेने लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत, हे ते बघतं.

निर्वातात सापडलेलं हे गणित कारखान्यातल्या दाबाला लागू होईल का, ही शंका रास्त होती. पण त्या आकड्यांवरून काढलेलं उत्पादन प्रत्यक्षाशी जुळलं.

१० ऑक्टोबर २००७ ला एर्टल यांना नोबेल जाहीर झालं. त्या दिवशी त्यांचा ७१ वा वाढदिवस होता. कारखान्यांत मात्र आजही ४०० अंशांच्या वरच काम चालतं, हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतूनच येतो, आणि भट्टीत भरलं जातं ते बहुधा मिटाश यांच्याच मिश्रणाच्या घराण्यातलं लोखंड.